बलस्थानं लिहा, पाच ओळींत

"तुमची तीन बलस्थानं सांगा."

नोकरीच्या मुलाखतीतला हा प्रश्न. पुण्यात विचारतात, सोलापुरात विचारतात, आता तालुक्याच्या शोरूममध्येही विचारतात. उत्तर ठरलेलं. मेहनती, प्रामाणिक, सगळ्यांशी जुळवून घेणारा. शंभर उमेदवार आले, तर शंभरांची तीच तीन बलस्थानं. मग निवड कशावर होते?

इंग्रजी उच्चारांवर.

पुढचा प्रश्न आणखी पोकळ. "तुमची कमकुवत बाजू कोणती?" त्याचंही उत्तर क्लासमध्ये घोटून घेतलेलं असतं. "कामात जराही कसूर मला खपत नाही, सर." उणीव विचारली, तरी पदरात कौतुकच. विचारणाऱ्याला हे ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही असतं. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना फसवतात आणि कागदावर त्याला निवडप्रक्रिया म्हणतात.

यात खरा फसतो कोण? ज्याला खरोखर काही येतं तो.

धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यातल्या सोनारीचा एखादा आयटीआय झालेला मुलगा घ्या. विहिरीवरची मोटर जळाली तर स्वतः उघडून बसतो. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगतो. दोन एकरांचं ठिबक एकट्यानं जोडतो. त्याला बलस्थानं विचारा. तो गप्प बसेल. हे सगळं त्याच्या लेखी "त्यात काय एवढं" या सदरात जमा असतं. शेजारच्या खुर्चीवरचा, ज्याला साधा फ्यूज बदलता येत नाही, तो मात्र "प्रॉब्लेम सॉल्व्हिंग" म्हणून मोकळा होतो.

नोकरी त्याला लागते.

नुसत्या विशेषणावर गुण खपवण्याची सवय आपल्याला कंपन्यांनी लावली, असं मुळीच नाही. ती घरचीच आहे. लग्नाचा बायोडाटा काढा. मुलगी "गृहकृत्यदक्ष". मुलगा "निर्व्यसनी". नीट वाचा. तिच्यापुढं लिहिलंय ती काय काय करणार ते. त्याच्यापुढं लिहिलंय तो काय करत नाही ते. एकीकडं जन्मभराचं काम, दुसरीकडं न प्यालेली दारू.

आणि दोन्ही बाजू तोलामोलाच्या!

चौकातले फ्लेक्स पाहा. कार्यसम्राट, तडफदार, धडाडीचे, दमदार नेतृत्व. कोणतं कार्य? कुठं केलं? कधी? एकाही फ्लेक्सवर एवढं सांगणारी ओळ नसते. ज्या गावाच्या वेशीवर चार कार्यसम्राट झळकतात, त्या गावात उन्हाळ्यात टँकर का येतो?

मेल्यावर तरी सुटका होते का? निधनवार्ता वाचा. "मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून ते परिचित होते." जन्मभर विहिरी बांधलेला गवंडी गेला तरी हेच वाक्य, जन्मभर कुणाशी न पटलेला सावकार गेला तरी हेच. कोणत्या शिवारातली विहीर त्यानं बांधली आणि ती अजून कशी ढासळली नाही, हे अंत्ययात्रेला आलेला प्रत्येक जण सांगत असतो.

छापून येतं ते "मनमिळाऊ".

बलस्थान म्हणजे काय, हे एकदा सरळ विचारून टाकू. जिथं भार टाकला तरी माणूस वाकत नाही, ती जागा. एवढंच. इंग्रजी बोलणारी मंडळी याला "फोर्टे" म्हणतात. हा शब्द फ्रेंचांच्या तलवारबाजीतला. पात्याचा मुठीजवळचा भक्कम भाग तो फोर्टे. टोकाकडचा दुबळा भाग तो फॉइबल. समोरच्याचा वार झेलायचा तो मुठीजवळच्या भागावर. लखलखतं ते टोक.

आपले व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास मुलांना टोक घासायला शिकवतात.

मुठीजवळचा भाग पाहायचा तर त्या पोराच्या सोनारीत चला. सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रा भरते. देवळाच्या परिसरात माकडांची ही मोठी फौज. यात्रा म्हणजे नुसता गुलाल नव्हे. पिण्याचं पाणी, गाड्या लावायची जागा, दर्शनाची रांग, चेंगराचेंगरी होऊ न देणं, हरवलेलं पोर आईच्या हाती देणं, नारळाचं दुकान मांडणं आणि ते माकडांपासून राखणं. शहरात याची पदवी मिळते. इव्हेंट मॅनेजमेंट. फी भरायला बापाला जमीन काढावी लागते.

गावात अशा कामाला अर्ज मागवत नाहीत. गर्दी कुणाचा आवाज ऐकते, पैशाचा हिशेब कुणाचा चोख, भांडणात मध्ये कुणी पडायचं, हे लोकांना ठाऊक असतं. "त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही", असं म्हणतात. हे वाक्य कायम दुसऱ्याबद्दल बोललं जातं. स्वतःबद्दल कुणी बोललं, की पारावर हशा पिकतो.

गुण दुसऱ्यानं सांगायचा असतो. आपण करायचं ते काम.

पण म्हणून गावाला डोक्यावर घेण्याचं कारण नाही. गावाची नजर बारीक आहे, सरळ नाही. सुताराच्या पोरानं दार चोख बसवलं तर म्हणतात, "रक्तातच आहे त्यांच्या." रक्तात? दहा वर्षं रंधा मारला, बोटं सोलून घेतली, बापाच्या शिव्या खाल्ल्या, ते सगळं कुठं गेलं? त्याची मेहनत परस्पर जातीच्या खात्यावर जमा. तेच दार मोठ्या घरच्या पोरानं बसवलं की तो "हरहुन्नरी".

आणि बाई असेल तर? गाव डोळेच मिटून घेतं.

ऊसतोडीच्या टोळ्या एकट्या बीडमधून निघत नाहीत, धाराशिवमधूनही निघतात. सोनारीत तर साखर कारखानाच आहे. तोड म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावावं लागत नाही. ज्यांनी आयुष्यात फक्त साखर पाहिली, त्यांच्यासाठी सांगतो.

ऊस जमिनीलगत छाटावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. खुंट उंच राहिला की वजनही गेलं आणि उताराही गेला. शेंड्याचं वाढं वेगळं करायचं, पाचट काढायचं, ऊस सारखे लावून मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घ्यायची आणि उभ्या फळीवरून चढून गाडीत रचायची. पहाटेच्या थंडीत, पायाखाली टोकदार खोडक्या, हातापायाला पाचटाची कूस. प्रत्येक हालचालीत डोळा आणि हात दोन्ही लागतात. नवरा तोडतो, बायको सोलते, बांधते, वाहते. हे काम जोडीनं चालतं. आणि या जोडीला म्हणतात "एक कोयता".

दोन माणसं. चार हात. एक कोयता.

एकटा गडी आला तर तो "अर्धा कोयता". मुकादमाच्या वहीत माणसं नसतातच, हत्यारं असतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते कोयत्याला आणि ती बहुतेक नवऱ्याच्या हाती पडते. तिनं दिवसात किती मोळ्या बांधल्या, किती चढवल्या, टोळीत कुणाचा हात सर्वांत चपळ, याची नोंद कुठंही होत नाही. दिवस मोडला की खाडा. तो मात्र न चुकता लिहिला जातो.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. संघटनांनी संप करून, बैठका करून मिळवलेली वाढ. तिचं मोल मला कळतं. पण वाढलेला दरही कोयत्यालाच लागला. कोयत्यातल्या बाईला स्वतःच्या नावाची ओळ अजून मिळायची आहे.

बायोडाट्यात "मल्टिटास्किंग" लिहायला शिकवणाऱ्यांनी एक हंगाम तिच्यामागं फिरावं. अंधारात उठून भाकऱ्या थापायच्या, फडाच्या कडेला पोर निजवायचं, उन्हं डोक्यावर येईपर्यंत मोळ्या, संध्याकाळी कोपीवर पाणी आणि सरपण, आणि रात्री गाडी आली की झोपेतून उठून पुन्हा भरणी. "दबावाखाली काम करण्याची क्षमता" म्हणतात ती हीच का? आता तिला विचारा, बाई, तुझ्या अंगात कोणता गुण आहे?

"मला काय येतंय?"

हे उत्तर खोटं आहे, आणि ते खोटं ठरलेलं याच जिल्ह्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

30 सप्टेंबर 1993. पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. घरं पुन्हा उभी करायच्या कामात गावोगावच्या बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं. त्याआधी त्यातल्या कितीजणींनी ग्रामसभेत तोंड उघडलं होतं? पण त्या घरोघर गेल्या. मदतीची योजना काय आहे ते समजून घेतलं आणि समजावून सांगितलं. पुन्हा हादरा बसला तर टिकेल असं घर कसं बांधायचं, दुरुस्त कसं करायचं, ते शिकल्या. शिकून दुसऱ्यांना शिकवलं. बांधकामावर लक्ष ठेवलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हे काम उभं केलं. पुढं त्यातून बचत गट आले, दुष्काळात बायकांनी एकेका एकरावर स्वतःच्या निर्णयानं घरापुरतं अन्न पिकवायला घेतलं. 2016 साली या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

भूकंपानं त्या बायकांना अक्कल दिली का? अक्कल होतीच. भूकंपानं काम समोर आणून टाकलं, आणि त्या वेळी अडवायला कुणाला सवड नव्हती.

म्हणून "आमच्या गावात टॅलेंटच नाही हो", असं म्हणणाऱ्याला एकच विचारायचं. काम दिलं होतंत का कधी?

सरकारनं या विषयाला हातच लावला नाही, असंही नाही. 2016 पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. श्यामची आई फाउंडेशन सोबतीला होतं. सात क्षेत्रं. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. काही वर्षं ती चालली. हेतू चांगला होता, मी त्या हेतूच्या बाजूनं आहे. सोळा वर्षांच्या पोराला "तुला काय आवडतं" असं कुणीतरी विचारलं, हीच मोठी गोष्ट.

पण आवड कळायला आधी चव लागते. ज्या मुलानं चित्रकलेचं कॉलेज पाहिलं नाही, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरली नाही, त्याचा कल संगणकाचा पडदा कसा सांगणार? समजा सांगितला. कागदावर आलं, ललित कला. पुढं काय? तालुक्याच्या किती गावांत ललित कला शिकवणारं कॉलेज आहे? बाप म्हणतो, "ते राहू दे, भरतीची तयारी कर." कागद गुणपत्रिकेबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत.

कल कळला. वाट नव्हती.

वर्गातली स्थिती काय? 2010 पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपत्रकात सुंदर रकाने आहेत. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं स्वतः पाहून लिहायचं. कल्पना उत्तम आहे, याहून चांगली शोधून सापडणार नाही. झालं काय? तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. "सुंदर अक्षर काढतो." "प्रश्नांची उत्तरे देतो." "खेळात रस घेतो." उतरवा आणि सही करा. शिक्षकांना आळशी म्हणून हा विषय संपत नाही. जनगणना, मतदार यादी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती हे सगळं त्यांच्याच गळ्यात असेल, तर पस्तीस मुलांकडं टक लावून पाहायचं कधी?

मुलांची पारख राहून जाते, पण याच जिल्ह्यात आपण शेळीची पारख कशी करतो, ते पाहा. उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, शेळीचं नाव तेच राहिलं. बहुतेक काळी, जुळी करडं देणारी, कमी चाऱ्यावर आणि कोरड्या हवेत तग धरणारी, मटणाला चांगली. तिची बलस्थानं पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहेत आणि आठवडी बाजारात दात बघून सौदा तोडणाऱ्या आजोबांना तोंडपाठ आहेत. आजोबांना नातवाबद्दल विचारा.

"हाय बरा. शाळंत जातंय."

तेर याच जिल्ह्यातलं. संत गोरोबा काकांचं, गोरा कुंभारांचं तेर. तिथली आख्यायिका महाराष्ट्राला माहीत आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कुंभाराच्या थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं, ते कळायला. मग आमचीही मडकी पाहा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकी सगळे शांत राहिले. नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

आता यातलं महत्त्वाचं ते बघा. गोरोबांनी नामदेवांना बलस्थानं विचारली नाहीत. थापटून पाहिलं. दुसरं, परीक्षा घेणारा कुंभार होता. मातीत उभा राहिलेला, भट्टी लावलेला, तडकलेली मडकी स्वतःच्या हातानं फेकलेला. त्याला पारख करायचा अधिकार कामातून आला होता.

आज वेल्डरची मुलाखत कोण घेतो? ज्यानं वेल्डिंगचा होल्डर कधी हाती धरला नाही असा साहेब. त्याला ठिणगी बघून काही कळत नाही, म्हणून त्याला विशेषणं लागतात. "तुमचं पॅशन काय?" हा प्रश्न अज्ञानातून येतो. धातूचा सांधा समोर ठेवला तर साहेबाला विचारायला काही उरणार नाही.

तिसरी गोष्ट आपण विसरतोच. कच्चा ठरलेला नामदेव संपला का? तो विसोबा खेचरांकडं गेला, शिकला. पुढं पंजाबपर्यंत पोचला. गुरु ग्रंथ साहिबात त्याची 61 पदं आहेत. "कच्चा" हा शेरा तिथं पुढची वाट दाखवणारा होता. आपल्याकडं तो "सिलेक्शन झालं नाही" असा एका ओळीचा मेसेज असतो. तोही आला तर.

सरळ परीक्षा कशी असते, ते पाहायचं तर पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, मग 100 मीटर, मग गोळा. तिथं कुणी विचारत नाही, तुमच्यात चिकाटी आहे का? घड्याळ सांगतं. नापास झालेला पोरगाही चिडून म्हणत नाही की माझ्यावर अन्याय झाला. म्हणतो, "दहा सेकंद कमी पडले." पुढच्या पहाटे पुन्हा रस्त्यावर.

किती सेकंद कमी पडलो हे कळणं, हा उमेदवाराचा हक्क आहे. मुलाखतीत तो कुणाला मिळतो?

खो-खोचं मैदानही असंच स्वच्छ. धाराशिवनं हा खेळ जिवापाड जपलाय. सारिका काळे इथली. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार. खो-खोत प्रत्येकीचं काम वेगळं. कुणी खांबावर गडी टिपणारी, कुणी सूर मारणारी, कुणी साखळीत धावून समोरच्या संघाचा दम काढणारी. प्रशिक्षक हे फॉर्म भरून घेत नाही. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि बघतो. महिन्याभरात त्याला कळतं. खेळाडूला त्याच्या आधी कळलेलं असतं.

बघायला वेळ लागतो. तो वेळ वाचवायला आपण प्रश्नावल्या काढल्या.

अमेरिकेच्या गॅलप या कंपनीनं माणसांची बलस्थानं 34 प्रकारांत बसवली आहेत. चाचणी द्या, तुमचे पहिले पाच घ्या. अमेरिकेतल्याच मानसशास्त्रज्ञांनी, पीटरसन आणि सेलिगमन यांनी, 2004 मध्ये स्वभावातले 24 गुण मांडले. हा अभ्यास टाकाऊ नाही. स्वतःबद्दल विचार करायला तो उपयोगी पडतो. पण चौतिसांतल्या पाचांवरून सोनारीच्या पोराला विहिरीवरची मोटर चालू करता येते का, हे कळतं का? पुण्यातल्या कंपन्या या चाचण्यांवर पैसे घालतात. एक दिवस उमेदवाराला कामावर उभं करून बघायचं तर म्हणतात, परवडत नाही.

मग प्रमाणपत्र तरी द्या, असं कुणी म्हणेल. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, टोपल्या विणणारे. ओळखपत्र, प्रशिक्षण, 15,000 रुपयांपर्यंतची अवजारं, स्वस्त कर्ज. हाताला येणारं काम कौशल्य म्हणून कागदावर आलं, याचं मी स्वागतच करतो. रक्तात नाही, हातात आहे, एवढं तरी सरकारनं मान्य केलं.

पण अठरांत ऊसतोड आहे का? नाही. खव्याची भट्टी? नाही. याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे देशानं मान्य केलं की या खव्यासारखा खवा हाच. दूध कढईत आटत असताना हात क्षणभर थांबला तर तळाला लागतं आणि सगळी कढई करपट होते. कधी जाळ ओढायचा, कधी कढई उतरवायची, हे त्या माणसाच्या मनगटात आहे. मानांकन खव्याला मिळालं.

ढवळणाऱ्याचं नाव कुठं आहे?

आता यात नवी भर. बायोडाटा लिहायला मुलं मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगतात. दोन सेकंदांत पाच बलस्थानं तयार. सुंदर इंग्रजी, एकही चूक नाही. मुलाखत घेणाऱ्या कंपनीकडं अर्ज चाळायलाही तेच यंत्र. म्हणजे एक यंत्र लिहितं, दुसरं यंत्र वाचतं, आणि सोनारीचा पोरगा मोटारसायकलवर बार्शीपर्यंत येऊन बाहेरच्या बाकावर बसून राहतो.

एका अर्थानं बरं झालं. विशेषणं आता फुकट झाली. जी वस्तू कुणालाही दोन सेकंदांत मिळते, तिच्यावर माणूस निवडायचा नसतो, एवढं तरी मालकांना कळेल. की नाही कळणार?

तेव्हा मालकांनो, तुमच्या अर्जातला बलस्थानांचा रकाना आजच काढून टाका. त्या जागी दोन ओळी ठेवा. काय करता येतं? कधी येऊन दाखवाल? निवडायला त्या कामातला जाणता माणूस बसवा, आणि ज्याला नाकारलं त्याला काय कमी पडलं ते तोंडावर सांगा. त्याच्या पुढच्या पहाटेला ते उपयोगी पडेल.

गुरुजी आणि बाई, तुम्हाला विनंती. तयार नोंदींची यादी या वर्षी बाजूला ठेवा. पस्तीस मुलांबद्दल जमणार नाही, हे मान्य. पाच मुलांबद्दल तरी एक ओळ अशी लिहा, जी दुसऱ्या कुठल्याच मुलाला लागू पडणार नाही. "वर्गातला पंखा यानं दुरुस्त केला." एवढी चालेल. ती ओळ तो मुलगा जन्मभर सांभाळेल.

आणि मुकादम, कारखाने, साखर आयुक्तालय, ऊसतोड कामगारांचं महामंडळ, तुम्हा सगळ्यांना मिळून एकच सांगणं. कोयत्याच्या वहीत दोन नावं लिहा. त्याचं आणि तिचं, स्वतंत्र ओळींत. दोघांची उचल वेगळी, दोघांचा हिशेब वेगळा. त्याला नवा कायदा लागत नाही, सर्वेक्षण लागत नाही, समिती तर नकोच. गाळप दिवाळीच्या पुढंमागं सुरू होतं. वही त्याच्या आधी आखता येते.